भानुदासनाना सुशी शोधतात

भानुदासनाना कोणत्याही हॉटेलात शिरले की टेबलाकडे जात नाहीत. दारात चपला काढतात, गल्ल्यावरच्या माणसाला हात जोडतात आणि विचारतात, "पावनं, मूळ गाव कुठलं?"

पुण्यातल्या एका मॉलच्या वरच्या मजल्यावर, काळे कपडे घातलेल्या आणि कानात यंत्र लावलेल्या एका मुलाला त्यांनी हे विचारलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. मुलगा म्हणाला, "सर, रिझर्वेशन आहे का?" नाना म्हणाले, "त्ये मागनं. आदी वळख तर हुंद्या."

नाना आमच्या मिरजगावचे. शेती आहे, पण सगळा भाग त्यांना ओळखतो तो सोयरिकी जुळवणारा म्हणून. कर्जतपासून श्रीरामपूरपर्यंत कोणत्या घरात कोण उपवर आहे, कोणाची सासू तापट आहे, हे त्यांना तोंडपाठ. यासाठी ते कोणाकडून काही घेत नाहीत. लग्नात फेटा बांधला की झालं. माझं लग्न त्यांनीच जमवलं. त्याआधी मी कॉलेजसाठी पुण्यात आलो तेव्हा खोलीही त्यांनीच बघून दिली. खोलीच्या मालकाला त्यांनी कुलदैवत विचारलं होतं आणि मालकाच्या आईच्या गुडघेदुखीवर औषध सांगितलं होतं. त्या घरात मला तीन वर्षं कधी परकं वाटलं नाही. आमच्या आळीत पदवी घेतलेला मी पहिला, म्हणून नाना मला नावानं हाक मारत नाहीत. 'ग्र्याजुएट' म्हणतात. चौकात, मोठ्यानं.

एवढ्या लग्नांच्या अक्षता नानांच्या हातून पडल्या, पण त्यांच्या स्वतःच्या मुलाचं लग्न त्यांना मोबाईलवर कळलं. संदीप जपानमध्ये नागोयाला यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्यानं तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि व्हिडिओ कॉलवर सांगितलं. नानी तेव्हा नुकत्याच गेलेल्या. नानांनी विचारलं, "मानसं कशी हायत?" संदीप म्हणाला, "चांगली आहेत." नाना म्हणाले, "चौकशी कुनी केली?"

यंदा तो बायकोला घेऊन पहिल्यांदा येणार होता. कारखान्याच्या कामासाठी पुण्याला दोनच दिवस. मिरजगावला यायला वेळ नव्हता. तिचं नाव युकी. पोट नाजूक, तिखट चालत नाही. भात आणि मासे खाते, असं संदीप फोनवर म्हणाला. नानांनी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडली आणि माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"ग्र्याजुएट, सून येनार. पैलं जेवान सासऱ्याकडचं पायजे. न्हाईतर ती आपल्या घरात आलीच न्हाई असं हुतं. ती उपाशी गेली तर पुन्यांदा कशाला यील?"

"नाना, मग काय करायचं?"

"त्ये तिकडचं भाताच्या मुटक्याचं हाटेल बघायचं. चांगलं. खानदानी."

नाना माळकरी आहेत. मासा शिवतसुद्धा नाहीत. मी शिवतो, पण आमच्याकडे मासा शिजवतात. तर अशा आम्ही दोघांनी पुण्यात उत्तम सुशी कुठे मिळते याचा शोध सुरू केला.

मी मोबाईलवर बघून सर्वांत जास्त तारे असलेलं हॉटेल काढलं. नाना म्हणाले, "ज्येच्या बायोडाट्यात 'निर्व्यसनी' लिवल्यालं आस्तं, त्येची चौकशी आदी करावी." तरी गेलो. तेच हे मॉलमधलं. आत मंद दिवे होते. नानांनी चष्मा पुसला, परत लावला. "उजेड का न्हाई? काय झाकायचंय ह्यांना? पोरगी दिवसाउजेडी बघावी." स्थळ बाद.

दुसऱ्या ठिकाणी टेबलाभोवती पाण्याची पन्हळ होती आणि तिच्यातून लाकडी होड्यांवर ताटल्या फिरत होत्या. मला आवडलं. नानांनी एक होडी समोरून जाऊ दिली, मग दुसरी. "लई मिरवत्यात," ते म्हणाले. "जितं एवढं मिरवनं, तितं मानपानावरून भांडान ठरल्यालं." तेही स्थळ बाद. बाहेर पडताना त्यांनी वाढप्याला सांगितलं, "कळवतो." मुलीकडच्यांना नकार द्यायचा असला की नाना हेच सांगतात.

अशी बरीच स्थळं झाली. प्रत्येक ठिकाणी चव मी घ्यायची आणि बाकी सगळं नाना बघायचे. थंड भातावर कच्चा मासा ठेवलेला घास पहिल्यांदा तोंडात घातला तेव्हा मला माझी आई आठवली. पण नाना समोर बसून "कसं हाय?" विचारत होते, आणि मी शिकलेला माणूस, म्हणून गिळला. चौथ्या-पाचव्या हॉटेलात मला तो आवडायलाही लागला. हे मी घरी सांगितलेलं नाही.

शेवटी एका गल्लीत छोटं हॉटेल सापडलं. नाना सरळ आत गेले नाहीत. शेजारच्या इस्त्रीवाल्याकडे गेले, त्याच्या बाकावर बसले, तंबाखू मागितली, मळून त्यालाही दिली, आणि पंधरा-वीस मिनिटांनी विषय काढला. "शेजारी मानसं कशी हायत?"

इस्त्रीवाला म्हणाला, "नवराबायको आहेत. तो करतो, ती गल्ला बघते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की एका ताटात जेवतात."

नाना उठले. "ठरलं."

"नाना, अजून आत गेलो नाही आपण."

"आता आत काय जायचंय? रीत म्हनून जाऊ."

आत उजेड होता. गल्ल्यावरच्या बाईंना नानांनी त्यांच्या हिंदीत विचारलं, "आपका मूळ गाव कौनसा?"

"कालिम्पोंग."

"तालुका?"

"वही."

"पाऊसपानी कैसा है उधर?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "बहुत." पाऊस खूप म्हटल्यावर दुष्काळी भागातला माणूस आणखी काय विचारणार? नानांनी त्यांना सगळं सांगितलं: सून येणार, पहिल्यांदा येणार, तिखट नको, मासा ताजा पाहिजे. आचारी नवरा बाहेर येऊन ऐकत राहिला.

ठरल्या दिवशी नाना परीटघडीचं धोतर नेसून आले. हातात कापडी पिशवी. संदीप आणि युकी आले. युकीनं कमरेत वाकून नमस्कार केला. नाना तिच्याइतके वाकले. ती आणखी वाकली. नानाही आणखी वाकले. शेवटी संदीप म्हणाला, "नाना, बसा आता, नाहीतर ती थांबायची नाही."

ताट आलं. युकीनं पहिला घास घेतला तेव्हा नानांचं तोंड तिच्याबरोबर हललं. ती संदीपला काहीतरी बोलली.

"छान आहे म्हणते."

"तोंडदेखलं म्हनती का?"

"नाही नाना. अजून मागतेय."

तेव्हा नानांनी समोरचं पाणी उचललं आणि एका दमात संपवलं. स्वतः ते काकडीचे दोन मुटके खाऊन उठले.

मला वाटलं, झालं. पण नाना पिशवी घेऊन गल्ल्यापाशी गेले. पिशवीतून त्यांनी हिरवा खण काढला, नारळ, हळकुंड, सुपारी आणि पुडीत बांधलेले तांदूळ. बाईंना वाटलं पार्सल करायचंय. त्यांनी डबा पुढे केला.

"डबा नको," नाना म्हणाले. मग शब्द शोधत राहिले. "ये औरत का काम है. ओटी. बहू की. हमारे घर में अब औरत नहीं है. आप करो."

बाईंनी हात धुतले, पदर नव्हता तर ओढणी डोक्यावर घेतली. युकीच्या अंगात सैल स्वेटर होता. संदीपनं खुणेनं दाखवल्यावर तिनं त्याचीच कड दोन्ही हातांनी पुढे धरली. नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि तिथूनच सांगत होते, "आदी खन. मंग नारळ. तांदूळ वंजळीनं, सांडू देऊ नका." मी ते हिंदीत सांगत होतो. शेवटचं मी सांगायच्या आधीच बाईंनी बरोबर केलं.

ओटी भरून झाली. युकी ती सांभाळत, न हलता, खुर्चीत बसून राहिली. उठायचं कधी ते तिला माहीत नव्हतं. संदीप वाकून तिला सांगायला लागला.

"आरं, ऱ्हाऊ दी," नाना भिंतीकडूनच म्हणाले. "बसू दी तिला वाईच."