टाकीजवळचा बिननावाचा पाहुणा

जावयाची एक खोड आक्काला चपलेत शिरलेल्या खड्यासारखी टोचत होती. नाव-गाव विचारल्याशिवाय हा माणूस कुणालाच हाकलत नसे. दाराशी आलेला विक्रेता असो की बाहीवर चढलेला किडा, आधी चौकशी, मग पुढचं.

"उद्या घरात चोर शिरला तर हा त्याला खुर्ची देईल," आक्का म्हणायची, "आणि विचारील, आपण मूळचे कुठले?"

अर्थात हे ती त्याला तोंडावर म्हणत नसे. जावयाला तोंडावर बोलायचं नाही, हा तिचा नेम होता. शाळेचं तोंड तिनं फारसं पाहिलं नव्हतं, पण जीभ कुठं चालवायची आणि कुठं आवरायची, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. जावयाला जे सुनवायचं ते ती तांबडीला सुनवायची, फक्त जावई ऐकू येईल इतक्या अंतरावर असला म्हणजे झालं.

तांबडी म्हणजे आक्काची लाडकी घोडी. घरामागं पागा, पागेमागं कुरण, आणि त्या कुरणाची खरी मालकीण तांबडीच. वयानं उतरलेली. मागच्या दोन खेपा रिकाम्या गेल्या होत्या, आणि आता कुणाच्या ध्यानीमनी नसताना ती गाभण राहिली होती. हे तिचं शेवटचंच शिंगरू, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आक्का रोज स्वतः तिला खरारा करायची आणि पोटाला कान लावून उभी राहायची. त्या वेळी तिच्याशी बोलायची म्हाताऱ्याचीसुद्धा छाती नव्हती. म्हातारा म्हणजे आक्काचा नवरा.

जावई शहरातली नोकरी सोडून बायकोसकट इथं आला होता आणि आल्या आल्या त्यानं कुरण अंगावर घेतलं होतं. अशात पाण्याच्या टाकीजवळ ते उगवलं.

तेव्हा ते जमिनीला चिकटलेला, चाकासारखा गोल पानांचा नुसता एक चक्का होतं. पानं वीतभर, राखी-हिरवी, मांजराच्या कानासारखी मऊ, केसाळ. असे चक्के कुरणात इकडं-तिकडं बरेच निघाले. कुणी लावले नव्हते. बाहेरून आणलेल्या वाळक्या गवतातून बी आलं असावं.

"तण आहे," आक्का बाह्या सरसावत म्हणाली. "उपटायचं आणि घोड्यांपुढं टाकायचं. माझा जन्म गेला यात."

"थांबा, आई," जावई गुडघ्यांवर बसत म्हणाला. "कोण आहेत हे, ते तर कळू द्या."

आक्का सावकाश तांबडीकडं वळली. "ऐकलंस का गं? तणाला अहो-जाहो चाललंय. उद्या तुझ्या अंगावरच्या गोचिडाला जेवायला थांबवतील."

जावयानं फोन काढला. पानाचा फोटो दाखवला की फोन नाव सांगतो म्हणे. फोननं आधी सांगितलं, पालेभाजी. दुसऱ्या बाजूनं फोटो काढला तर म्हणाला, तंबाखू. तिसऱ्यांदा आक्कानं वैतागून पान स्वतः वर उचलून धरलं, तेव्हा मात्र फोनला मुळीच शंका उरली नाही. त्यानं छातीठोकपणे सांगितलं, सुकलेलं आलं.

लेकीनं वाकून फोटो पाहिला. "अहो, यात पान कुठाय? हा तर आईचा हात!"

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. पाठ थोपटण्याच्या निमित्तानं आक्कानं त्याच्या पाठीत असा काही गुद्दा घातला, की ठसका आणि हसू दोन्ही एकदमच थांबलं.

जावयानं मग शेतकी कॉलेजातल्या वनस्पतीच्या बाईंना फोटो धाडले. बाईंचा निरोप आला: नुसत्या पानावरून सांगता येत नाही. अशा पानांची झाडं दोन. एक बिचारं निरुपद्रवी. दुसऱ्याबद्दल आत्ताच बोलून घाबरवत नाही. एक झाड ठेवा, फूल येऊ द्या. मी स्वतः येऊन बघेन. तोवर घोडी लांब ठेवा.

झालं. जावयानं हातमोजे चढवून बाकीचे सगळे चक्के मुळासकट उपटले, पोत्यात भरले, पोत्याची तोंडं बांधली आणि पोती अवजारांच्या खोलीत टाकून कुलूप ठोकलं.

"माझे दागिने उघड्या कपाटात," आक्का तांबडीला म्हणाली, "आणि यांचा कचरा कुलपात!"

राहिलं एकच. टाकीजवळचं, सगळ्यांत दांडगं. त्याच्याभोवती कुंपण हवं म्हणून जावयानं कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी सोडवून आणली. जाळी झाडाला गेली, कोंबड्या पागेत गेल्या आणि घोड्यांच्या गव्हाणीत अंडी घालू लागल्या. कुंपणात झाडाबरोबर टाकीही अडकली, म्हणून घोड्यांना बादल्यांनी पाणी द्यायचं काम लेकीच्या गळ्यात पडलं. त्यातच नालबंद आला. त्यानं पांढऱ्या घोड्याचा मागचा पाय मांडीवर घ्यायला आणि गव्हाणीतून एक कोंबडी फडफडत उठायला एकच गाठ पडली. घोडा बुजला, नालबंद उडाला आणि भरल्या बादलीत बरोब्बर बसला.

"आक्का, तुमच्या घरी काय चाललंय तरी काय?" बादलीतून न उठताच त्यानं विचारलं.

"पाहुणा आलाय," आक्का म्हणाली. "नाव सांगेपर्यंत त्याची बडदास्त ठेवायची आहे."

आणि पाहुणा वाढत होता. पागेच्या कडेची शेण-लिदीनं मुरलेली जमीन, टाकीचं झिरपतं पाणी, वर जावयाची माया. चक्क्याच्या मधोमध एक कोंब निघाला आणि सरळ वर सुटला. दुपारी तो जरासा मान टाकायचा, म्हणून जावई रोज दुपारपुरती त्याच्यावर आक्काची छत्री बांधायचा. वाऱ्यानं हलायला लागला, म्हणून त्याला म्हाताऱ्याच्या काठीचा आधार दिला. आता म्हातारा भिंत धरून चालायचा आणि आक्का उन्हात तापायची.

"मला झाड व्हायला हवं होतं," म्हातारा म्हणाला. "म्हणजे जरा लक्ष दिलं असतं कुणी."

शेवटी आक्काच्या सहनशक्तीनं हात टेकले. एके दिवशी भल्या सकाळी, घर झोपेत असताना, ती जाळी ओलांडून आत शिरली. आज याचा निकाल लावायचा, जावयाला म्हणायचं वाऱ्यानं मोडलं. तिनं खालची पानं दोन्ही मुठींत धरली, पाय रोवले आणि हिसका दिला. दंवानं ओली पानं निसटली, एक पान तेवढं तुटून हाती आलं आणि आक्का मागच्या मागे बसली.

बसली ती बसलीच. कारण तिची नजर वर गेली होती.

इतके दिवस तिनं ते झाड लांबून, रागानं आणि वरून पाहिलं होतं. खालून कधी पाहिलं नव्हतं. ते तिच्या डोक्याच्याही वर गेलं होतं. सरळ, जसं कुणी ओळंबा लावून उभं केलंय. पान मोठं, त्यावरचं लहान, त्यावरचं त्याहून लहान, अशी शिडी रचत ते वर गेलेलं, आणि टोकाला कळ्यांची दाटी, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या. प्रत्येक केसाच्या टोकावर दंवाचा थेंब. नुकतं ऊन वर आलं होतं आणि अख्खं झाड आतून पेटल्यासारखं दिसत होतं. आक्कानं आयुष्यभर तण उपटलं होतं. तणाला वाढू दिलं तर ते कुठवर जाऊ शकतं, हे मात्र तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. तिच्या तोंडून शब्द निघेना, आणि हीसुद्धा तिच्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

तेवढ्यात मानेवर ऊन ऊन श्वास लागला. जाळीवरून तांबडीनं तोंड आत घातलं होतं. आक्काच्या हातात पान होतं, आणि हातात हिरवं असलं की घोडीपुढं करायचं, ही सवय तिच्या हाडांत मुरलेली. मन झाडाकडं, हात घोडीकडं. तांबडीनं ओठ पुढं काढले.

"आई, हात मागं!"

जावई उघड्या पायांनी कुरणातून धावत आला, जाळीवरून झेपावला आणि आक्काच्या मनगटावर असा फटका मारला, की पान लांब जाऊन पडलं.

तांबडी बिचकून मागं सरली.

"आई, मी... लागलं का?" जावयाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आक्का उठली, कपडे झटकले आणि घरात गेली. त्या दिवसापासून ती तांबडीशीही बोलेना. चहा पुढं यायचा, जेवण पुढं यायचं, पण आक्काचा आवाज घरातून नाहीसा झाला. लेक रडून मोकळी झाली. म्हातारा म्हणाला, "जावईबापू, ती बोलते तेव्हा माणूस जिवंत राहतो. गप्प बसते तेव्हा काही सांगता येत नाही." जावयानं रोज माफी मागितली. "फटक्याची माफी मागतो, आई," तो दाराबाहेरून म्हणायचा. "पण पान पाडलं त्याची नाही."

आक्का खिडकीत बसून असायची. घरच्यांना वाटायचं ती रागानं बाहेर बघते. ती झाडाकडं बघत होती.

मग एका सकाळी खालच्या कळ्या उमलल्या. जांभळ्या, करंगळी आत जाईल एवढ्या लांबट घंटा, एका बाजूला झुकलेल्या. पुढं रोज खालून वर चार-चार उमलत गेल्या. घंटेच्या आत पांढऱ्या कडांचे गडद ठिपके, कुणीतरी फुरसतीत बसून रंगवल्यासारखे. जाडजूड भुंगा गुणगुणत यायचा, घंटेत पूर्ण नाहीसा व्हायचा, आतून घुमायचा आणि पीठ माखल्यासारखा मागं मागं सरकत बाहेर यायचा. नालबंद नाल मारायला म्हणून आला आणि हातोडी हातात धरून नुसता उभा राहिला. वनस्पतीच्या बाई आल्या तेव्हा सगळं घर जाळीभोवती गोळा झालं होतं, खिडकी सोडून आलेली आक्कासुद्धा.

बाईंनी एक फूल तोडून, उलटवून पाहिलं. मग एक लांबलचक नाव सांगितलं, ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. पुढचं मात्र सगळ्यांच्या ध्यानात राहिलं.

"तेच आहे, दुसरं," बाई म्हणाल्या. "काळीज बंद पाडतं. ओलं असो की वाळलेलं. घोड्याच्या पोटात थोडी पानं गेली तरी जिवावर बेततं. गाभण घोडी असली तर दोन जीव. बी धरायच्या आत मुळासकट काढा, पोत्यात घाला, त्या आधीच्या पोत्यांबरोबर कुरणाच्या बाहेर न्या. एवढ्याशा बोंडात ढीगभर बी असतं, एकदा सांडलं की वर्षानुवर्षं निघत राहतं."

लेकीनं तोंडावर हात ठेवला. म्हाताऱ्यानं झाडाला लावलेली आपली काठी सोडवून घेतली आणि तिच्यावर सगळा भार टाकला.

आक्का तडक पागेकडं गेली. तांबडी दारातच उभी होती. आक्कानं तिच्या पोटावर तळहात ठेवला, ज्या हातात ते पान होतं त्याच हाताचा. बराच वेळ काहीच झालं नाही. मग आतून, चामड्याच्या पलीकडून, एक खूर सरळ तिच्या तळहातावर आदळला. लहान, टणक आणि चांगलाच रागीट. आक्का तिथंच उभी राहिली. तिला वाटलं, आत कुणीतरी दार ठोठावतंय, आणि आपण त्याला जवळजवळ बाहेरून कडी घातली होती.

ती परत आली तेव्हा जावई हातमोजे घालून, विळा घेऊन झाडापुढं उभा होता. विळा हलत नव्हता. डोळे भरले होते.

"बाई," आक्कानं विचारलं, "बी धरायला वेळ आहे ना अजून?"

"आहे की. आठवडाभर तरी."

"मग आज राहू दे. घोडी पागेत बांधते. उद्या काढू."

सगळे आक्काकडं बघत राहिले. नालबंदाच्या हातातली हातोडी त्याच्याच पायावर पडली, पण ओरडायची त्याची हिंमत झाली नाही. आक्कानं कमरेवर हात ठेवले आणि कधी नव्हे ती सरळ जावयाच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिली.

"ऐक रे," ती म्हणाली. ते 'रे' ऐकून लेकीनं डोळेच मिटले. "माझ्यावर आजवर कुणी हात उगारला नाही. माझ्या बापानं नाही, ह्यांनी तर नाहीच."

"माझी काय टाप!" म्हातारा पुटपुटला.

"तू मारलंस. पोटचा पोरगा असतास ना, तर दोन कानाखाली दिल्या असत्या, आणि मग दारोदार जाऊन सांगितलं असतं, बघा माझा लेक कसा आहे ते. जावई पडलास, म्हणून कानाखालच्या वाचल्या. दारोदार मात्र मी सांगणार आहे."