साळवेकाका बोटीत बसले

आमच्या शेजारच्या साळवेकाकांच्या मोबाइलमध्ये एकही गाणं नाही. इंजिनं आहेत. मासेमारी बोटींच्या जुन्या, दमेकरी डिझेल इंजिनांचे आवाज. सकाळी सात वाजता आमच्या मरोळच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे अभंग लागतो, कुणाकडे बातम्या लागतात आणि काकांच्या खिडकीतून 'धुक धुक धुक फट्' सुरू होतं. नवीन भाडेकरू पहिल्याच आठवड्यात सोसायटीचा पंप बिघडल्याची तक्रार घेऊन सेक्रेटरींकडे जातात.

हे आवाज येतात मढहून. तिथल्या कोळीवाड्यात कुणाचं इंजिन कुरकुरायला लागलं, की तो मोबाइल इंजिनापाशी धरतो, मिनिटभर रेकॉर्ड करतो आणि काकांना पाठवतो. काका डोळे मिटून ऐकतात आणि बोलूनच उलट निरोप पाठवतात. हे कुठेही होऊ शकतं. वरच्या मजल्यावरच्या चव्हाणांच्या मुलीच्या हळदीला काकांचा मोबाइल वाजला. काकांनी हात वर करून सनई बंद करायला लावली, मोबाइल कानाला लावला आणि भर मांडवात ओरडले, "तिसऱ्याला खोकला झालाय! म्हातारं आहे, पण जीव आहे अजून!" ते तिसऱ्या सिलिंडरबद्दल बोलत होते. पण पहिल्या रांगेत तिसऱ्या खुर्चीवर नवरीचे आजोबा खरोखरच खोकत बसले होते. ते अजून काकांशी बोलत नाहीत.

मुळात या माणसाचा समुद्राशी काडीचा संबंध नाही. जन्म जालन्याकडच्या खेड्यात, जिथल्या विहिरीत होळीनंतर पोरं पाण्यासाठी नाही, क्रिकेटचा बॉल शोधायला उतरायची. एकोणिसाव्या वर्षी मरोळला आले आणि जनरेटरच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. मग एका जुन्या सोबत्यानं त्यांना मढला नेलं. तिथल्या बोटींत बसवलेली जुनी इंजिनं, त्यांनी उभा जन्म जी उघडून जोडली होती, त्याच जातीची निघाली. नवे मेकॅनिक ती बघून म्हणायचे, "पार्ट नाय मिळत, नवीन टाका." काका स्टूल ओढून बसायचे आणि म्हणायचे, "घाई कशाची? इंजिन कुठं पळून जायलंय?"

दर रविवारी ते मढला जातात. वर्सोव्याहून पलीकडे जायला फेरीबोटीला पाच मिनिटं लागतात. काका फेरीबोटीत बसत नाहीत. ते मालाडला जातात, तिथून बस पकडून सगळा वळसा घालून दोन तासांनी मढला पोचतात. पोहता येत नाही, हे एक कारण. दुसरं कारण ते स्वतः सांगतात, "आपण जमिनीवरचे डॉक्टर. पेशंटच्या घरी राहायला जायचं नसतं."

आणि हा माणूस मासे खात नाही! "काट्यांशी भांडत कोण जेवेल?" असा त्यांचा सवाल असतो. कोळीवाड्यातले लोक मात्र त्यांना मासळी दिल्याशिवाय सोडत नाहीत. पिशवी हातभर लांब धरून, मान दुसरीकडे वळवून, बसमधल्या लोकांच्या शिव्या खात काका ती आणतात आणि आमच्या दारात ठेवतात. आमची आई मालवणची. रविवारी दुपारपासून ती कान दाराकडे लावून असते. "साळव्यांका सांग, गेल्या खेपेक सरंगो बरो होतो," असं ती मला सांगते, जणू काका मासळीचं दुकान चालवतात. बदल्यात त्यांच्याकडे भाजी-भाकरी जाते. काकू जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा ऑस्ट्रेलियात आहे. त्याचा फोन येतो, तेव्हा भिंतीपलीकडून काकांचा आवाज ऐकू येतो, "हां, बरं आहे. हां. तुझं बरं आहे ना? बरं." तेवढाच.

तर गेल्या हिवाळ्यात हिराबाईंच्या बोटीनं काकांची झोप उडवली. हिराबाई मढच्या. नवऱ्यामागे बोट त्याच सांभाळतात आणि बोट चालवतो त्यांचा पुतण्या, तांडेल कमळाकर. पावसाळा संपल्यावर बोट पाण्यात उतरली, तेव्हापासून इंजिन किनाऱ्यावर अगदी गुणी पोरासारखं चालायचं आणि तासभर आत समुद्रात गेलं की गचके खात बंद पडायचं. दोनदा दुसऱ्या बोटीनं ओढून आणावं लागलं. काका जायचे, टाकीचं झाकण उघडून डिझेल बघायचे, हुंगायचे, पाइपातली हवा काढायचे आणि पहिल्या झटक्यात इंजिन धुक धुक करायला लागायचं. असं चारदा झालं. खलाशी दुसऱ्या बोटी बघायला लागले. एक भंगारवाला इंजिनाभोवती फेरी मारून गेला.

"काका, तू आमच्यासोबत पाण्यात ये ना यार," कमळाकर म्हणाला. "त्याला तुझी भीती वाटते. तू असलास की नाटक करत नाय."

"मी? पाण्यात?"

"साल्वेभाऊ," हिराबाई म्हणाल्या, "आता एकदा बगा. नायतर मी देऊन टाकते ते भंगारात. मालकांनी हौसेनं घेतलेलं. पन पोरांचा जीव पयला."

काका त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी आमच्याकडे आले आणि मला म्हणाले, "वैशाली, रविवारी बँकेला सुट्टी असते ना? माझ्याबरोबर चल. काही झालं तर गॅसचा नंबर, किल्ल्या, सगळं कुणाला तरी माहीत पाहिजे."

"अहो, पण मीही त्याच बोटीत असेन."

त्यांनी विचार केला. "मग किल्ल्या आईकडे देऊ."

आईनं किल्ल्या घेतल्या आणि माझ्यावर डाफरली, "त्येंका पोहूक येणा नाय, आणि तुका येता काय गो? खय निघालंस?" पण मी गेले.

काकांनी किनाऱ्यावर एक लाइफ जॅकेट घातलं आणि दुसरं काखेत मारलं.

"हे कशाला?" कमळाकरनं विचारलं.

"स्पेअर."

दोन खलाशांनी त्यांना दंडाला धरून बोटीत घेतलं. काका खाली बसले, इंजिनाकडे तोंड केलं आणि समुद्राकडे पाठ. बोट हलली तसं ते पुटपुटत बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणायला लागले. मधूनच थांबून इंजिनाचं कौतुक करायचे, "वा, छान चाललंय," आणि पुन्हा त्रिसरण. मढचा किनारा लहान लहान होत गेला. मी म्हटलं, "काका, बघा तरी, किती सुंदर दिसतंय." ते म्हणाले, "तू बघ. मला नंतर सांग."

पाऊण तास झाला. मग इंजिनानं एक आचका दिला.

काकांचं पुटपुटणं थांबलं. दुसरा आचका. एका खलाशानं हवा काढायला सवयीनं पाइपाकडे हात नेला, तर काका जागेवरून उठलेच. डुलत्या बोटीत, काही न धरता, ताठ उभे राहिले. "कुणी कशालाही हात लावायचा नाही!"

इंजिन बंद पडलं. बोट नुसती हेलकावायला लागली. काका स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत म्हणाले, "मी किनाऱ्यावर असं काय करतो, की हे चालू होतं? पाइपातली हवा तर ही पोरंही काढतात."

"तुम्ही आधी झाकण उघडून डिझेल हुंगता," मी म्हटलं. "घरी स्टोव्हचं रॉकेलसुद्धा हुंगता."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी चुकीचं बोलले असं मला वाटलं. मग ते हातागुडघ्यांवर रांगत टाकीपाशी गेले आणि झाकण हळूहळू फिरवलं.

'फुस्स्स!' टाकीनं एवढा मोठा श्वास आत ओढला, की खलाशी मागे सरकले.

"गुदमरत होतं रे!" काका ओरडले. "म्हातारं गुदमरत होतं! डिझेल खाली जातं तशी वरून हवा आत यायला पाहिजे, तिची वाटच बंद आहे. मी दरवेळी झाकण उघडायचो आणि त्याला श्वास मिळायचा. गाढव मी! पक्का गाढव!" आणि ते इतके खूश होऊन स्वतःला गाढव म्हणत होते, की सगळेच हसायला लागले. टाकीतून वर येणाऱ्या बोटभर जाडीच्या वाकड्या नळीत त्यांनी तार घातली. आतून वाळलेल्या मातीचा गोळा निघाला. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर झाकून ठेवलेली असताना एका कुंभारमाशीनं तिथे आपलं घर बांधलं होतं.

"भाडंसुद्धा दिलं नाही तिनं," कमळाकर म्हणाला.

हवा काढली, इंजिन चालू झालं, आणि मग आम्ही मुद्दाम दोन तास फिरलो. एकही आचका नाही. काका आता समुद्राकडे तोंड करून बसले होते. लाटेचं पाणी तोंडावर उडालं तर ओठ चाटून म्हणाले, "खारट आहे की!" खलाशी पोट धरून हसले.

परतताना कमळाकरनं मला हळूच विचारलं, "ताई, काका रविवारी घरी उशिरा का येतो, माहितीय? काम दुपारीच संपतं त्याचं. मग जेट्टीच्या टोकाला उभा राहतो. त्यानं हात लावलेली प्रत्येक बोट परत आली, की मगच बस पकडतो."

काकांनी ऐकलं होतं. ते जरा ओशाळले. "कारखान्यातून एवढे जनरेटर पाठवले," ते म्हणाले. "ट्रकात चढले की गेले. कुठं गेले, कसे चालले, कुणी कधी सांगायला आलं नाही. इथं बोट सकाळी जाते आणि परत येते. बरं वाटतं बघायला. घरी तरी काय, कुणी यायचं नसतं." एवढं बोलून त्यांनी रुमालानं चष्मा पुसला.

जेट्टी दिसायला लागली. तिच्यावर गर्दी होती. हिराबाई होत्या, खलाशांच्या बायका होत्या, दुसऱ्या बोटींची माणसं होती. आणि सगळ्यांच्या पुढे, छत्री उघडून, आयुष्यात एकटी अंधेरीपलीकडे न गेलेली माझी आई.

काका घाबरून उठले. "काय झालं रे? एवढे लोक का जमलेत? कुणाची बोट यायची राहिलीय का?"

"काका, तुझी वाट बघतायत," कमळाकर म्हणाला.

"माझी?"

"मग कुणाची? सकाळपासून उभी असतील सगळी."

काकांनी लाइफ जॅकेटखालची शर्टाची कॉलर सरळ केली. केसांवरून हात फिरवला. तिकडे आईनं आम्हाला ओळखलं असावं. तिनं छत्री मिटली आणि तीच जोरजोरात हलवायला लागली.

"कमळाकर, जरा हळू घे रे," काका म्हणाले.

"का? इंजिन तापलं काय?"

"नाही, नाही. इंजिन झकास आहे." त्यांनी जेट्टीवरून नजर काढली नाही. "तू हळू घे."