उणे पाच व्होल्ट

तुलारामच्या पत्राला जागेश्वर मास्तरांनी सहा आठवडे उत्तर दिले नव्हते. चिखल्याच्या खाणीत रोजंदारीवर वायरमन असलेल्या तुलारामने मासिकातला मास्तरांचा लेख वाचून एलसीडीचा पडदा जोडला होता. खाणीत पाणी किती चढले, ते त्यावर दिसणार होते. साहेबांना पसंत पडले तर नोकरी कायम. पण पडदा कोराच राहत होता. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते, 'चूक माझीच असणार.'

चूक मास्तरांची होती, आणि पत्र वाचताच ती त्यांच्या लक्षात आली होती. त्या पडद्यावर अक्षरे उमटायला शून्याखालचे, उणे पाच व्होल्ट लागतात. मास्तरांनी पुस्तकात पाहून ती जोडणी केली, मीटर लावला, तर काटा डावीकडे, शून्याच्या खाली गेला. काटा उलटा गेला की जोडणी उलटी, हे त्यांनी तीस वर्षे मुलांना शिकवले होते. त्यांनी लगेच कपॅसिटर आणि विजेला एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड फिरवले, काटा उजवीकडे आला आणि लेख छापायला गेला. पडदा महाग, म्हणून लावून पाहिलाच नव्हता.

रविवारी तुलाराम स्वतःच कारध्याला मास्तरांच्या घरी आला. त्याला अंगणात पाहताच मास्तर धानाच्या पोत्यांमागे जाऊन बसले.

“मास्तर शाळेत गेले,” मास्तरांच्या पत्नी सुलोचनाबाई म्हणाल्या.

“आज रविवार ना, काकू?”

“लय शिकवतेत ते.”

तुलारामला ते पटले. तो वाट पाहत बसला. दोनदा चहा झाला. आत मास्तरांच्या पायांना मुंग्या आल्या. अकरा वेळा जोडून पाहिले, आता उद्या साहेबांना नाही जमत म्हणून सांगून टाकतो, असे बाहेर तुलाराम काकूंना सांगत होता.

“मास्तरच्या लेखात चूक कशी राहीन? माह्येच हात रद्दड.”

तो गेल्यावर मास्तर अंगावरचा कोंडा झटकत बाहेर आले.

“काहून लपले?”

“लाज वाटली.”

“आता नाही वाटून राहिली?”

मास्तरांनी पोस्टकार्ड घेतले. 'दोन्ही डायोड आणि कपॅसिटर उलटे करून लाव. काटा उलटाच जायला हवा. चूक माझी आहे.' पाकीट घरात नव्हते. म्हणजे चिखल्याचा पोस्टमनही वाचणार.

टपालपेटी बसथांब्यावर होती, आणि पेटीला टेकून तुलाराम उभा होता. तो पाया पडला.

“साहेबाले उद्या काही सांगू नको. पोस्टमनची वाट पाह्य,” मास्तर कसेबसे म्हणाले.

तुलारामने कार्डावरचा पत्ता पाहिला. “हे तं मलेच हाय, मास्तर. हातातच द्या ना.”

“मंग तू माह्यासमोर वाचशील,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी कार्ड पेटीत टाकले.