भुंग्यांची शिरगणती

बागस्पर्धेचं पत्रक आलं तेव्हा लेनर्ड ऑटवे नाश्त्याचं अंडं फोडत होते. पत्रक वाचून होईपर्यंत अंडं गार झालं.

गेली अकरा वर्षं गावाचा चषक त्यांच्याच घरी होता. यंदा समितीने नियम बदलला. बाग किती देखणी हे पाहायचं नाही. परीक्षकबाई गावातल्या प्रत्येक बागेत दहा मिनिटं बसणार आणि फुलांवर खायला आलेले केसाळ भुंगे मोजणार. जास्त भुंगे, त्याचा चषक.

"म्हणजे निकाल आता किड्यांनी लावायचा!" लेनर्ड कडाडले.

"मग नको घेऊस भाग," त्यांची बायको ग्लेनिस म्हणाली.

हे त्यांना ऐकू आलं नाही. दुपारपर्यंत बेगोनियाचे सगळे वाफे उपटून झाले होते आणि दोघं रोपवाटिकेत उभी होती.

"एकेरी फुलांची रोपं घ्या," तिथल्या बाईने सांगितलं. "भरगच्च फुलात भुंग्याला रस सापडत नाही. पाकळ्यांतच अडकतो बिचारा."

लेनर्डनी एकेरी डेलिया पाहिला. आठ पाकळ्या, मधे पिवळा ठिपका. "पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि ताटात हे वाढायचं?" असं म्हणून त्यांनी भरगच्च डेलियाची वीस रोपं उचलली.

पाहुणे आले. पाकळ्यांत डोकं खुपसून, धडपडून उपाशीच निघून गेले. मग लेनर्ड मुकाट्याने पुन्हा गेले आणि लॅव्हेंडर आणि लांब नळीसारख्या फुलांची कॉम्फ्री घेऊन आले. कॉम्फ्रीवर भुंगे बसले खरे, पण आखूड जिभेचे. ते फुलात शिरेनात. बुडाशी भोक पाडायचे आणि बाहेरूनच रस प्यायचे.

"दार सोडून भिंत फोडतायत! ह्यांना मोजायचं की पोलिसांत द्यायचं?"

"खातायत ना? मग मोज," ग्लेनिस म्हणाली.

दहा मिनिटांत सात भरले. कुंपणापलीकडून मात्र सतत गुणगुण येत होती. शेजारच्या मिसेस पिकरिंग चौऱ्याऐंशीच्या. गुडघे गेलेले, त्यामुळे मे महिन्यापासून त्यांचं गवत कापलेलं नव्हतं. त्यात क्लोव्हरची रानफुलं माजली होती आणि त्यांवर भुंग्यांची जत्रा भरली होती.

लेनर्ड दोन दिवस विचारात होते. गुरुवारी त्यांनी गवत कापायचं यंत्र बाहेर काढलं.

"मिसेस पिकरिंग, म्हटलं, जरा तुमचं गवत कापून देतो."

"अरे लेनर्ड!" म्हातारीचे डोळे भरून आले. "माझ्या सख्ख्या मुलाला सुचलं नाही रे!"

तिने चहा केला, बिस्किटं आणली. तासाभरात हिरवळ गुळगुळीत झाली. कापलेल्या गवतावर एक भुंगा चालत फिरत होता, मग लेनर्डच्या बाहीवर चढून बसला. त्यांनी त्याला हळूच लॅव्हेंडरवर नेऊन सोडलं. उरलेल्या बिस्किटांना मात्र त्यांनी हात लावला नाही.

शनिवारी परीक्षक मिस रॅडली आल्या. शेजारचं जेवण बंद झाल्याने सगळी पंगत लेनर्डकडे उठून आली होती. एक्केचाळीस! लेनर्डनी छाती फुगवली. बाई शेजारी गेल्या.

"इथे काहीच नाही का हो?" त्यांचा आवाज आला.

"अहो, परवापर्यंत इतके भुंगे, की मला रेडिओ ऐकू यायचा नाही!" मिसेस पिकरिंग कौतुकाने सांगत होत्या. "लेनर्डने स्वतः येऊन सगळं क्लोव्हर कापलं. एवढा गुणी शेजारी! तुमच्या वहीत हे जरूर लिहा."

मिस रॅडलींनी लिहिलं.

चषक पबमागच्या गाडीतळाला मिळाला. तिथे काटेरी रान फुललं होतं आणि त्यावर भुंग्यांची रीघ लागली होती. लेनर्डच्या आकड्यापुढे शेरा होता: 'एक्केचाळीस, पैकी बहुतेक विस्थापित.' आणि मिसेस पिकरिंगच्या आग्रहावरून त्यांना भर सभेत उत्तम शेजाऱ्याची फीत लावण्यात आली. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या म्हातारीनेच वाजवल्या.

"आता कापू नकोस हं," लेनर्ड मंचावरून खाली उतरताच ती म्हणाली. "क्लोव्हर परत येऊ दे म्हणाल्या त्या बाई. तू फक्त रोज पाणी घाल."

ऑगस्टच्या एका संध्याकाळी चहा निवायला लागला म्हणून ग्लेनिस कुंपणाशी आली. पलीकडे लेनर्ड झारी बाजूला ठेवून क्लोव्हरमध्ये पालथे पडले होते.

"अरे, स्पर्धा संपली! काय करतोयस?"

"हळू बोल," ते मान न वळवता म्हणाले. "तेवीस झालेत. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावशील."