मार्थाबाईंचा सत्कार

आंतरराष्ट्रीय परिषदेत इंग्रजीतून शोधनिबंध वाचणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! हे वाक्य मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकवलं होतं, की मी आत शिरलो की सहकारी आपापले डबे उचलून व्हरांड्यात जायला लागले.

मी कृष्णात. वडूजच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. माझी बढती कधीपासून अडली होती, कारण फाइलीत आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचल्याचं प्रमाणपत्र नव्हतं. मागून आलेले पुढे गेले आणि मी आपला बाकावरच! म्हणून सांगलीला परिषद भरतेय म्हटल्यावर मी सगळ्यात आधी नाव दिलं. इंग्रजीचं काय, असं कुणी विचारलंच, तर मी नुसता हसायचो. वाईच्या स्वानंदी मॅडमचा 'संशोधकांसाठी इंग्रजी' हा मोबाईलवरचा क्लास मी लावला होता ना!

मॅडमची शिकवण सोपी होती. कुणी काहीही विचारलं तरी आधी आभार मानायचे, मग सहमती दाखवायची. तेवढ्यात उत्तर सुचतं. मी दोन वाक्यं घोटून घोटून पाठ केली आणि घरात सराव सुरू केला.

"आवं, गॅस संपलाय. सिलिंडर कवा आणताय?" शिवांजलीनं, म्हणजे आमच्या मंडळींनी विचारलं.

"थँक यू फॉर धिस एक्सलंट क्वेश्चन!"

"आज तरी आणा. न्हाईतर उपाशी ऱ्हावा!"

"आय कंप्लीटली अॅग्री विथ यू!"

त्या दिवशी खरंच उपाशी राहिलो. पण वाक्यं पक्की झाली! क्लासचा शेवटचा धडा तेवढा बुडाला. 'परदेशी पाहुण्यांचे प्रश्न कसे ऐकावेत' असा काहीतरी होता. त्या दिवशी भावकीत लग्न होतं. आणि ऐकायला काय शिकायचंय? देवानं कान दिलेत की!

संशोधनही दणकेबाज होतं. ज्वारीचं बी ताकात भिजवून पेरलं की रोप जोमानं वाढतं, हा माझा शोध. प्रयोग घरीच केला. काही कुंड्या ताकाच्या, काही साध्या पाण्याच्या. ताकाच्या कुंड्यांना आंबूस वास सुटला, म्हणून शिवांजलीनं त्या खिडकीत ढकलल्या. पाण्याच्या बिचाऱ्या कपाटामागेच राहिल्या. ताकाची रोपं हिरवीगार, पाण्याची पिवळी पडून मान टाकलेली! मी फोटो काढले, कपाट आणि खिडकीसकट. प्रामाणिकपणात आम्ही कुणाला ऐकत नाही.

परिषदेत निबंध झक्क झाला. एकदाही अडखळलो नाही. मग पहिल्या रांगेतून इंग्लंडहून आलेल्या डॉक्टर मार्था उठल्या. रुपेरी केस, चेहऱ्यावर गोड हसू, आणि आवाज असा, की आजारी माणसाला उठून बसावंसं वाटावं.

आता तुम्हाला एक सांगायला हवं. आमच्या खटाव तालुक्यात चूक दाखवायची एक रीत आहे. माणूस आधी उभा राहतो, आवाज चढवतो, 'आरं गाढवा' म्हणतो आणि मग चूक सांगतो. गाढव निघालं नाही तर समजायचं, कौतुक चाललंय!

आणि मार्थाबाई काय म्हणाल्या? इंग्रजीत म्हणाल्या, पण मतलब असा : "फारच लोभस निबंध! कल्पना मोठी धाडसी आहे. माझंच काहीतरी सुटत असेल, पण मला आपलं उगीच वाटतं, की यात उजेडाचाही थोडासा वाटा असू शकेल का?"

लोभस! धाडसी! माझी छाती फुगली.

"थँक यू फॉर धिस एक्सलंट क्वेश्चन!" मी खणखणीत आवाजात म्हणालो. "आय कंप्लीटली अॅग्री विथ यू!"

बाई जरा चकित झाल्या. "म्हणजे या प्रयोगातून ताकापेक्षा आपल्या खिडकीबद्दलच जास्त कळतं, असं म्हणता येईल का?"

"आय कंप्लीटली अॅग्री विथ यू!" मी पुन्हा ठोकलं.

सभागृहात हशा पिकला. मीही मोकळेपणानं हसलो. परदेशी विदुषीनं माझ्या घरच्या खिडकीची दखल घेतली, ही काय लहान गोष्ट आहे?

बाहेर येऊन मी घरी फोन लावला. आमचे वडील नाथाजी, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. मी म्हणालो, "आबा, इंग्लंडच्या बाईंनी सगळ्यांदेखत कौतुक केलं!"

"काय सांगतूस! मग तिचा सत्कार केला का न्हाई?"

"मी कसा करणार? पाहुणा आहे मी इथं."

"मग आमी कशाला हाय? थांब तितंच!"

फोन बंद! मी पुन्हा लावला, तर मागून जीप चालू केल्याचाच आवाज. समारोप सुरू होता होता आबा, आमची आई बनुबाई, शिवांजली आणि भावकीतले झाडून सगळे पुरुष सभागृहात हजर! शाल, नारळ, भगवा फेटा आणि खिडकीतली एक कुंडी. सत्काराला नाही म्हणायची आपल्याकडे कुणाची छाती आहे? आयोजकांनी निमूटपणे माईक आबांच्या हातात दिला.

आबांनी मार्थाबाईंना स्वतः फेटा बांधला. आईनं शाल दिली, शिवांजलीनं ओटी भरली. बाईंचे डोळे पाणावले. माझेही पाणावले. साहेब झालो की पहिली शाल आबांना द्यायची, असं मी तिथल्या तिथं ठरवूनही टाकलं.

आबा म्हणाले, "बाईस्नी इचारा, आमच्या किस्न्याच्या ताकात त्यांस्नी काय गावलं, त्ये सगळ्यांम्होरं सांगा म्हनावं."

सूत्रसंचालन करणाऱ्या ज्ञानदा मॅडमनी प्रश्न इंग्रजीत सांगितला. मार्थाबाई लालबुंद झाल्या. फेटा सावरत हळू आवाजात बराच वेळ बोलल्या.

"त्या म्हणतात, कल्पना फार धाडसी आहे," ज्ञानदा मॅडम म्हणाल्या.

"त्ये झालं. फुडं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सर, पुढचं सांगू का?"

"सांगा की!" मी विनयानं मान खाली घालून म्हणालो. "बिनधास्त सांगा!"

"त्या म्हणतात, ही रोपं खिडकीतल्या उजेडानं वाढली. कपाटामागची अंधारामुळे मेली. ताकाचा यात काही संबंध दिसत नाही. सकाळपासून त्या हेच सांगतायत आणि सरांना ते पूर्ण मान्य आहे."

आबा उभेच होते. त्यांनी फक्त आवाज चढवला.

"आरं गाढवा!"

तेव्हा कुठं मला कळलं, की सकाळपासून चाललं होतं ते कौतुक नव्हतं! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सांगलीची जमीन काही दुभंगली नाही. आई शेजारच्या बाईंना विचारत होती, "मग ती शाल आता माघारी मागायची का?" मार्थाबाईंना आबांची गर्जना हा आभारप्रदर्शनाचा भाग वाटला. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

परत येताना मला जीपमध्ये मागं बसवलं. कुंडी माझ्या मांडीवर होती.

पण प्रमाणपत्र मिळालं! त्यावर निबंध वाचला एवढंच होतं. पुढं काय झालं ते नव्हतं. फाइल साताऱ्याला गेली आणि मला मुलाखतीचं बोलावणं आलं. सांगलीचा प्रकार तिथं कुणाला ठाऊक नव्हता. गप्प बसलो असतो तरी साहेब झालो असतो.

समितीचे अध्यक्ष, एक वयस्कर गृहस्थ, फाइल चाळत गोड हसले. "वा, ताक! विषय मोठा लोभस आहे हो तुमचा!"

मी खुर्चीत सावरून बसलो.

"आणि कल्पनाही धाडसी!"

पुन्हा तेच! पण या वेळी मी फसणार नव्हतो.

"मला आपलं उगीच वाटतं," ते म्हणाले, "की यात—"

"मान्य आहे साहेब!" मी खुर्चीतून उठलोच. "उजेडानंच झालं! ताकाचा काडीचा संबंध नाही! वास येतो म्हणून बायकोनं कुंड्या खिडकीत ठेवल्या, पाण्याच्या कपाटामागे अंधारात मेल्या! सगळा प्रयोग फुकट! आणखी लाजवू नका!"

अध्यक्षांनी चष्मा काढला. बाजूच्या दोघांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"अहो, मी एवढंच विचारत होतो, की यात गाईचं ताक घेतलंत का म्हशीचं?"

बढतीचं पुढच्या वर्षी बघू म्हणालेत. म्हणाले मात्र फार गोड आवाजात.