कर्नल तीनदा पडला

गुंता उलगडण्यात माझा हात धरणारं माणूस या शहरात नाही, असं मी परवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. पगारच त्याचा मिळतो. संगणकाच्या अगदी गाभ्यात एक काम दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला, अशी उतरंड चढत जाते. मध्येच काही बिघडलं की मी ती उतरवायची. शेवटी ज्याला बोलावलं तो आधी परत, त्यानं घेतलेलं जागच्या जागी ठेवून. मग त्याच्या आधीचा. एक जरी मध्ये अडकला तर सगळं यंत्र ठप्प. त्या गाभ्याला आम्ही कर्नल म्हणतो. घोळ झाला तो या नावानं.

घोळाच्या दुसऱ्या दिवशी तात्यांचं, माझ्या वडिलांचं, वर्षश्राद्ध होतं. ते गेले त्या उन्हाळ्यात बोअर आटलेला. तेराव्याला आलेली माणसं अर्धा अर्धा ग्लास पाणी पिऊन, हात न धुता उठली. मला ते वर्षभर दिसत राहिलं. यंदाही पाऊस नाही. शहराच्या कडेला आमच्या सातारा परिसरात चहूबाजूंनी सहा मजली इमारती उठल्या, पाणी होतं तेवढंच. म्हणून मी तयारी चोख ठेवली होती. पाहुण्यांची बोलावणी सोयगावहून आलेल्या बानाआत्यानं पंधरा दिवस आधीच केली. मग मी स्वयंपाकाला मनकर्णाबाई ठरवल्या, शेजाऱ्यांकडून पिंपं आणली आणि शेवटी टँकर सांगितला. चाळीस माणसांनी पोटभर जेवावं आणि पोटभर पाणी प्यावं, एवढंच मला हवं होतं.

आदल्या दिवशी सकाळी ऑफिसातून माझ्या हाताखालच्या राजेंद्रचा फोन आला. कानात फोनचं ते बारकं यंत्र, त्यावर केस, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात. समोर आत्या लसूण सोलत बसलेली.

"कर्नल तीनदा पडला?" मी राजेंद्रला विचारलं.

आत्याचा हात थांबला. "कोण पडलं गं?"

"कर्नल. आमच्या ऑफिसातला."

"लई लागलं का?"

"आज त्याचं काही खरं नाही," एवढं तिला सांगून मी राजेंद्रशी बोलू लागले. तोंड मात्र आत्याकडेच. "हे बघ, शेवटी ज्याला बोलावलंय त्याला आधी परत पाठव. मग त्याच्या आधीच्याला. ज्याचं जे घेतलंय ते त्याचं त्याला देऊन टाक. एकही राहता कामा नये."

"अगं, पण उद्या..." आत्या म्हणाली.

नेमकं तेव्हाच राजेंद्रनंही विचारलं, उद्या केलं तर चालेल का. "उद्या नाही, आत्ता," मी म्हणाले, आणि खोलीचं दार लावून कामाला बसले.

दोन तासांनी बाहेर आले तर अंगण मोकळं.

"आत्या, पिंपं कुठं गेली?"

"ज्याची त्याला दिली."

"आणि टँकर?"

"त्याला तर पयलं नाय म्हनलं. शेवटी त्यालाच सांगितलं व्हतं ना तू? मग पिंपं. मग मनकर्णाबाई, तिची भगुणी घासून दिली. मग पाव्हणे, शेवटून सुरू करून. तुझ्या सांडूकाकाला बोलावणं पयलं गेलं व्हतं, म्हणून त्याला आखरीला फोन केला. एक बी ऱ्हायलं नाय बघ."

दोन वर्षांत आमच्या कर्नलला जे एकदाही साधलं नव्हतं, ते आत्यानं लसणाच्या हातानं करून दाखवलं होतं.

"अगं, पण तुला पाठवायला सांगितलं कोणी?"

"तूच की. डोळ्यात बघून." ती खाली बघून म्हणाली, "मला वाटलं, साहेबासाठी बापाचा दिवस मोडला पोरीनं. नोकरीपुढं मी काय बोलनार?"

मी आधी टँकरवाल्या कडुबाला फोन लावला.

"ताई, तुमचा नंबर गेला. आता आठ दिवसांनी."

"अहो, गैरसमज झाला. कर्नल म्हणजे..."

"मावशी बोलल्या ना, कर्नलसाब पडले म्हणून. पण कर्नलसाब आपल्याच घरचे हैत, हे आधी नाय का सांगायचं? फौजी माणसाला पाणी नाय म्हणत नसतो मी. दुपारी आणतो."

समजावणं तिथंच सोडून मी पिंपं परत आणली, मनकर्णाबाईंना पुन्हा सांगितलं.

मग पाहुणे. पहिल्या तिघांना मी गाभा, उतरंड, सगळं नीट समजावलं. तिघांनीही शांतपणे ऐकून घेऊन विचारलं, "म्हणजे आता तब्येत कशी हाये?" चौथ्यापासून मी सांगू लागले, "बरे आहेत. सकाळी थोडी पेज घेतली."

दुसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस आले. जेवले. तांब्यानं पाणी ओतून घेऊन प्रत्येकानं हात धुतले, काहींनी दोनदा. मी ते उभी राहून बघत होते, तेवढ्यात तात्यांचे चुलतभाऊ सांडूकाका जवळ आले.

"साहेबापाशी कोण हाये?"

"कोणी नाही," मी म्हणाले. रविवार होता, ते खरंच होतं.

"मग तू जा. हितलं आम्ही आवरतो." टोपी नीट करत ते हळूच म्हणाले, "तात्याच्या वेळंला तू वाटंतच व्हतीस. आता तसं नको."

आत्यानं डबा भरून हातात दिला. चाळीस माणसं बघत होती. मी निघाले.

ऑफिसात पोचले तर राजेंद्र नुकताच आला होता. डबा त्यानंच खाल्ला. हात पुसत म्हणाला, "मॅडम, पुन्हा चालवून बघू?"

चालवलं. पडला. मी खुर्ची ओढून जवळ बसले.

संध्याकाळी आत्याचा फोन आला.

"झोपलेत," मी म्हणाले.