दत्तारामांची उसनी बाटली

माणसाची प्रकृती शरीरात नसून रिपोर्टात असते, हे तत्त्व मालवण किनाऱ्यावरच्या समस्त साखरवाल्यांना मान्य आहे. होडीमालक दत्ताराम तर त्याचे कट्टर अनुयायी. बारा वर्षांची साखर त्यांनी पाहुण्यासारखी सांभाळली होती.

२००६ साली कणकवलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, थायरॉईड किंचित मंद चालतोय. दत्ताराम सुखावले. त्यांची बायको मथुरा तीस वर्षं ज्याला आळस म्हणत होती, त्याला अखेर वैद्यकीय मान्यता मिळाली होती. पण डॉक्टर तिथे थांबले नाहीत. साखरेच्या जोडीला हे आलंय, तर किडनीही बघू, उद्या सकाळची लघवी आणा. बिघाड निघाला तर मीठ कमी आणि खारा बांगडा बंद.

पेजेबरोबर खारा बांगडा नसेल तर जगून करायचं काय, याचा विचार वैद्यकशास्त्राने केलेला नाही. दत्तारामांनी केला. नमुना निरोगी व्यक्तीचा असावा, असं एकमताने (त्यांच्याच) ठरलं. अशी व्यक्ती घरात एकच. पहाटे लिलावाला जाऊन दिवसभर बाजारात मासे विकणाऱ्या मथुराला कधी काहीच झालं नव्हतं (तपासलंच नव्हतं, त्यामुळे व्हायला वाव नव्हता).

"वायच ह्या बाटलेत लघवी दी गो," ते म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी मागितलेलं सगळं तिने दिलं होतं. हेही दिलं.

रिपोर्टात साखर निघाली, प्रोटीनही भरपूर. डॉक्टरांनी विचारलं, पाय सुजतात का?

सुजत होते. रोज संध्याकाळी चपलेत मावत नव्हते. फक्त ते दत्तारामांचे नव्हते. हे ध्यानात येताच त्यांची दवाखान्यासाठी राखून ठेवलेली शुद्ध भाषा पळाली.

"डॉक्टर, ही लघवी माझी नाय, माझ्या बायलेची आसा. तिका काय झाला तर मी काय करू?" (पेज कोण वाढणार, हा या चिंतेचा फक्त एक भाग होता.)

डॉक्टरांनी सोमवारी दोघांना बोलावलं. मथुरा म्हणाली, "माका आजारी पडूक वेळ खंय आसा?" तरी दत्तारामांनी तिला हाताला धरून एसटीत बसवलं. पिशवीत त्यांची बाटली होती, या खेपेला स्वतः भरलेली.

वाचकांनी हसायला हरकत नाही. हसून झाल्यावर, आपल्या घरात 'हिला कधी काही होत नाही' असं जिच्याबद्दल कौतुकाने सांगितलं जातं, तिचा शेवटचा रिपोर्ट कुठल्या खणात आहे तेवढं बघावं. (खण रिकामा असल्यास प्रकृती ठणठणीत समजावी.)